फूटपट्टीला काढून टाकण्याचा अर्ज

भिंतीवर चढताना कोणी अडवत नाही, पंचाईत उतरताना होते. भिंगरीचा एक पाय आत्याच्या आवारात होता, दुसरा बाहेरच्या गल्लीत, आणि जाकिटाची बाही नेमकी खिळ्यात अडकली होती. त्यात खाली एक माणूस उभा होता. त्याच्या डोक्यावरून खिडकीचा जाळीदार पडदा कमरेपर्यंत लोंबत होता. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश.

"उतरू नका!" पडद्यातून आवाज आला.

"मग इथेच संसार मांडू का?"

"नाही… म्हणजे उतरा. पण बाहेरच्या बाजूला. हे आवार बंद केलेलं आहे."

"कोणी बंद केलं? आणि तुम्ही कोण? पडदेचोर?"

उत्तर येण्याआधीच बाहीने खिळा सोडला आणि भिंगरी वाळक्या पानांच्या ढिगात येऊन आदळली. माणूस धावला, दोन पावलांवर थांबला, हात पुढे करावा की नाही याचा विचार करू लागला. तोवर ती उठून, कपडे झटकून उभीही राहिली होती. मग तिला दिसल्या त्या पेट्या. आत्याच्या नऊ मधपेट्या, ओळीने, आपापल्या सिमेंटच्या खांबांवर. प्रत्येक पेटीच्या झाकणावर आडवी कागदी पट्टी चिकटवलेली, पट्टीवर तारीख आणि सही.

"हे… हे काय केलंत?"

"सील. मिळकत आहे तशी राहावी म्हणून." त्याने पडदा जरा वर उचलला. आत एक सरळ नाक आणि फार गंभीर डोळे होते. "माश्यांना जायला-यायला खालची फट मोकळी ठेवली आहे. मोजून."

"माश्यांना सील करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता!" ती म्हणाली, आणि रागावलेली असूनही तिला हसू आलं. ते त्याने पाहिलं. पडदा घाईघाईने खाली आला.

तर हा होता फूटपट्टी. नाव आत्यानेच ठेवलेलं. मोजणी खात्यात नकाशे काढायचा. काही वर्षांपूर्वी त्याने आत्याच्या जागेची हद्द मोजून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर. काल वीतभर चूक झाली म्हणाला, रात्रभर झोप नाही. आत्या अशा माणसांवर जीव टाकायची. तिने मृत्युपत्र केलं तेव्हा एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे आपल्यामागे सगळं लिहिल्याप्रमाणे वाटून देणारा म्हणून, बेधडक त्याचं नाव घातलं. घर आणि जागा भाच्याला, पेट्या भाचीला. तीन ओळींचं काम. पण आत्या गेल्यावर सहाएक महिन्यांत माशी शिंकलीच. भाचा, म्हणजे भिंगरीचा थोरला दादा, म्हणाला की पेट्या खांबांवर आहेत, खांब जमिनीत आहेत, आणि जमीन माझी. म्हणजे पेट्याही माझ्या. खरं तर मधमाशी दिसली की दादा गाडीच्या काचा वर करायचा. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला वस्तू नको असते, फक्त दुसऱ्याला ती मिळायला नको असते.

आणि भिंगरी? पायाला भिंगरी लावल्यासारखी पोर, म्हणून ते नाव. चार वर्षांत तिसरी नोकरी. सध्या दुचाकीवरून गावभर पार्सलं पोचवत होती. एका खुर्चीत अर्धा तास बसली तर तिच्या गुडघ्यांना कंप सुटे. फक्त या नऊ पेट्यांपाशी ती तासन्‌तास न हलता उभी राहायची. आत्या म्हणायची, तुला माणसात आणायचं तर माश्यांत ठेवावं लागतं.

"ऐका," ती आता फूटपट्टीला समजावत होती. भिंतीपलीकडच्या फळबागेकडे तिने बोट दाखवलं. "त्या कळ्या दिसतात? पाचेक आठवड्यांत फुलतील. त्याआधी पेट्यांवर एकेक मजला चढवायला हवा. जागा कमी पडली की अर्ध्या माश्या राणीला घेऊन उडून जातात. कायमच्या. मग त्यांना कुठे नोटीस पाठवणार तुम्ही?"

"मला दोन्ही वारसांची लेखी संमती लागेल."

"दादा देणार नाही."

"मग मला वाट पाहावी लागेल."

"आणि माश्यांनी?"

त्याने पेट्यांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "त्यांच्याबद्दल मृत्युपत्रात काही लिहिलेलं नाही."

त्या दिवशी तिने गल्लीत येऊन दुचाकीला एक लाथ घातली. लागलं तिच्याच पायाला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली, या वेळी फाटकातून. फूटपट्टी दर रविवारी सकाळी पाहणीला यायचा. हात लावायला बंदी, पण बघायला बंदी कोणत्या कायद्यात आहे, असं तिने विचारलं. त्याने खरंच कायदा उघडून पाहिला. बंदी नव्हती.

मग रविवार सुरू झाले. ती पेट्यांसमोर उकिडवी बसून फटींतून जाणाऱ्या-येणाऱ्या माश्या बघायची. तो सहा पावलं मागे, पडद्यात.

"तुमच्या पडद्यावर फुलं आहेत," ती एकदा म्हणाली.

"बहिणीच्या घरून आणलाय."

"माश्या फसतील. खरी समजून येतील."

"येतात की!" तो काकुळतीने म्हणाला. "मी हलत नाही मग."

"घाबरता इतके, तर दर रविवारी येता कशाला?"

"कर्तव्य आहे." मग जरा थांबून, "आणि… सहा महिन्यांत मी इथे एकदाही कंटाळलो नाही. गेले दोन आठवडे तर अजिबातच नाही."

तिने वळून पाहिलं. पडदा स्थिर होता, पण मागचे कान लाल झाले असावेत असं तिला उगीच वाटलं. तिने पुन्हा पेटीकडे तोंड फिरवलं आणि त्या पेटीत किती माश्या गेल्या, किती आल्या, याचा तिला काही पत्ता लागला नाही.

हळूहळू सहा पावलांची चार झाली, चाराची दोन. तिने त्याला माशीच्या पायावरचे परागाचे पिवळे गोळे दाखवले. एका रविवारी भुरभुर पावसात दोघं छपराच्या वळचणीला उभे राहिले. ओल्या लाकडाचा आणि मेणाचा वास येत होता. त्याने पडदा काढून तिच्या खांद्यावर टाकला. भिजलेला पडदा पांघरून काय ऊब येणार, पण ती गप्प राहिली. भिंगरी आणि गप्प! आत्या असती तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

पण आठवडाभर मात्र जिवाला चैन नसायचं. पार्सलं चुकीच्या दारी जायची. कळ्या कालच्यापेक्षा फुगल्या का हे बघायला ती भलत्याच रस्त्याने दुचाकी घालायची. कळ्या फुगतच होत्या. दादाला फोन केला की तो म्हणायचा, "कोर्ट ठरवेल." फूटपट्टीला विचारलं की तो म्हणायचा, "मी स्मरणपत्र पाठवलंय." एक माणूस ऐकत नाही आणि दुसरा ऐकतो पण करत काही नाही. यातला कोण जास्त छळतो हे तिला ठरवता येईना.

मग तो रविवार आला. ती फाटकातून आत शिरली आणि थबकली. हवा नुसती घुमत होती. चौथ्या पेटीतून माश्यांचा लोट बाहेर पडत होता. बघता बघता कोपऱ्यातल्या झाडाच्या खालच्या फांदीवर त्यांचा घोस जमला, हाताने सहज पोचावं इतका खाली.

"किल्ली!" ती ओरडली. "सामानाच्या खोलीची किल्ली द्या! आत रिकाम्या पेट्या आहेत. एक आणली की झालं, अलगद भरून घेते मी त्यांना!"

फूटपट्टीने खिशातून किल्ली काढली. हातात धरली. आणि तिथेच त्याचं घोडं अडलं.

"खोलीही सील आहे… दादांना फोन करतो. तोंडी संमती मिळाली तरी मी…"

"अहो, या निघून जातील!"

"एकच मिनिट."

फोन लागेना. पुन्हा लावला. ती त्याच्यासमोर हात पसरून उभी होती. किल्ली हिसकावून घेता आली असती. ती का हिसकावली नाही, हे तिलाच नंतर कळलं नाही. तिसऱ्यांदा फोन वाजत असताना घोस सैल झाला, वर उठला आणि बागेवरून, छपरांवरून, दिसेनासा झाला. आवार एकदम शांत झालं. फोनमधून दादा म्हणत होता, "हॅलो? कोण आहे?"

भिंगरी रडली. तोंड न झाकता, उभ्या उभ्या, लहान मुलीसारखी. "आत्याने या एकेक करून जमवल्या होत्या," ती म्हणाली. "तिचं एवढंच उरलंय माझ्याकडे. आणि तुम्ही… तुम्ही वाईट नाही आहात, तेच तर वाईट आहे! तुम्ही या कामाला अयोग्य आहात. पार अयोग्य."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "हो," तो म्हणाला. "तसा अर्ज करा."

"काय?"

"मला काढून टाकण्याचा. एकदा काम हातात घेतल्यावर मला आपणहून सोडता येत नाही. कोर्टानेच काढायला हवं. बाग फुलायला नऊ दिवस आहेत. तातडीचा अर्ज करा."

तिने केला. तिने गाठलेल्या वकीलबाईंनी मसुदा एका बैठकीत पाडला. भिंगरी तो घेऊन थेट मोजणी खात्यात गेली, कारण तारखा त्याच्याकडेच होत्या. जेवणाच्या सुट्टीत नकाशांच्या उंच टेबलापाशी दोघं उभे राहिले. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि स्वतःच्या हकालपट्टीचा कागद तपासायला घेतला.

"'लबाडीने दिरंगाई केली.' लबाडी सिद्ध करता येणार नाही. नुसतं 'दिरंगाई' ठेवा."

"वकीलबाई म्हणाल्या, तिखट हवं."

"तिखट असू द्या, पण खरं हवं. इथे 'दोन पत्रांना उत्तर दिलं नाही.' चूक. दिलं होतं. पण त्या उत्तरात काही नव्हतं, असं लिहा. ते जास्त लागेल."

"कोणाला? तुम्हाला?"

"मलाच लागायला हवं ना?"

ती टेबलावर कोपर टेकून त्याच्याकडे बघत राहिली. बोटांना शाई, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. स्वतःविरुद्धचा कागद इतक्या मायेने सुधारणारा माणूस जगात दुसरा नसेल.

"तुम्ही गेलात की रविवारी कोण येणार?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

पेन्सिल थांबली. "जो नवा नेमतील तो."

"त्याच्याकडे पडदा असेल?"

"मला… सांगता येणार नाही." त्याने वर पाहिलं नाही. "मी कामावर असेपर्यंत मला बऱ्याच गोष्टी सांगता येणार नाहीत."

कोर्टाची तारीख फुलांच्या आदल्या दिवशीची मिळाली. सकाळी येताना तिने बाग पाहिली होती. एका कळीला पांढरी चीर पडली होती.

न्यायाधीश वयस्क होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "फार नेटका अर्ज आहे," ते म्हणाले. वकीलबाई फुलल्या.

दादा स्वतः उभा राहिला. "साहेब, माझी काही तक्रार नाही. माणूस चोख आहे. कशाला हात लावत नाही, लावू देत नाही. मला असाच पाहिजे."

न्यायाधीशांनी मान डोलावली. "वारसांत वाद असताना वस्तू जैसे थे ठेवणं, ही सावधगिरी झाली," ते म्हणाले. "सावध माणसाला अयोग्य म्हणून काढायचं ठरवलं तर उद्या हे काम घ्यायला कोणी मिळणार नाही. या अर्जावर…"

"मला काही सांगायचं आहे," फूटपट्टी उठून उभा राहिला. हात बाजूला सरळ, आवाज मात्र सरळ नव्हता. "एक कारण अर्जात आलेलं नाही. अर्जदारांना ते माहीत नव्हतं."

"बोला."

"एक्झिक्युटरने सगळ्या वारसांकडे सारख्या नजरेने पाहायला हवं. मला ते जमत नाही."

"म्हणजे?"

"परवा दादांचं पत्र आलं. वाचल्यावर ते फाडून टाकावंसं वाटलं. मी आजवर कोणाचं पाकीटसुद्धा वेडंवाकडं उघडलेलं नाही." त्याने भिंगरीकडे पाहिलं. "साहेब, यांच्याकडे पाहायला लागलो की दुसरा वारस आहे, हे मला आठवत नाही."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. दादा उडालाच. "म्हणजे जो आठवत नाही तो मी?"

"हो," फूटपट्टी म्हणाला. "माफ करा."

भिंगरीच्या कानांत सगळ्या पेट्या एकदम घुमू लागल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे नोंदवलं तर 'पक्षपाती' म्हणून नोंदवावं लागेल. तुम्ही सरकारी नोकरीत आहात. हा कागद तुमच्या खात्यात जाईल."

"कळतंय."

"अर्जदारांना काही म्हणायचं आहे?"

वकीलबाईंनी तिची बाही धरली. "गप्प बसा," त्या पुटपुटल्या. "जिंकतोय आपण."

जिंकत होत्याच. नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या फुलं, आज पेट्या उघडल्या की उरलेल्या आठही वसाहती वाचणार होत्या. आणि बोललं तर त्या जातील, चौथी गेली तशा, छपरांवरून. समोर तो उभा होता, वीतभर चुकीसाठी रात्रभर न झोपणारा, आणि आता जन्मभर पुसता न येणारा डाग स्वतःच्या हाताने लावून घेत होता. तेही तिच्या माश्यांसाठी.

भिंगरीने बाही सोडवून घेतली.

"हे खोटं आहे, साहेब," ती म्हणाली. "म्हणजे त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही… आता माहीत झालं. पण त्यांच्या हातून तसं काहीच झालेलं नाही. माझ्यासमोर माश्या उडून गेल्या. किल्ली यांच्या हातात होती. मी रडत होते. तरी दिली नाही. याला पक्षपात म्हणता?"

"म्हणजे तुम्ही स्वतःच्याच अर्जाला विरोध करताय?"

"नाही! यांना काढाच. पण नालायक म्हणून नको, पक्षपाती म्हणून तर मुळीच नको. हे नको इतके खरे आहेत. जिवंत वस्तू सांभाळायला त्याहून थोडं जास्त काहीतरी लागतं, एवढंच. आणि आज ते यांच्याकडे आहे, म्हणून यांना हे काम नकोय." तिचा श्वास संपला. "माझ्या माश्या गेल्या तरी चालेल. चालणार नाही… पण यांचं नाव खराब करून मला त्या नकोत."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला.

न्यायाधीश बराच वेळ लिहीत होते. पंखा फिरत होता. मग त्यांनी वाचून दाखवलं. एक्झिक्युटरला त्याच्या स्वतःच्या विनंतीवरून मोकळं करण्यात येत आहे. त्याच्या वागण्यात कोणताही दोष आढळलेला नाही. त्याच्या जागी कोर्टातले अधीक्षक काम पाहतील. पेट्या कोणाच्या, हा वाद चालू राहील, पण तो मिटेपर्यंत माश्यांची देखभाल अर्जदाराने करावी. आजपासून.

"माझा हक्क मी सोडलेला नाही," दादाने जाताना बजावलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. दोन पावलं जाऊन तो मात्र परत आला आणि फूटपट्टीकडे न बघता बहिणीला म्हणाला, "हा माणूस फोन फार करतो. बघ बुवा."

दुपारी ऊन कलायच्या आत ती आवारात पोचली. अधीक्षकांनी खोली उघडून दिली आणि ते दूर सावलीत जाऊन बसले. तिने धूर केला, पट्ट्या टराटरा फाडल्या, पहिलं झाकण उचललं. आत काठोकाठ माश्या होत्या आणि चौकटीच्या कडेला राणीची नवी घरं शेंगांसारखी लोंबत होती. दोन दिवस उशीर झाला असता तर सगळं गेलं असतं. तिचे हात भराभर चालू लागले.

पाचव्या पेटीला तिला फाटकाबाहेर तो दिसला. पडदा नव्हता. गजाला धरून उभा होता.

"आत का येत नाही?"

"मला आता आत यायचा अधिकार नाही."

"तिसरा हात हवाय मला. या, आणि हे धरा."

तो आला. तिने चौकट त्याच्या दोन्ही हातांत दिली, जड, दोन्ही अंगांनी माश्यांनी भरलेली. त्याने श्वास रोखला. एक माशी त्याच्या मनगटावर चढली.

"हलायचं नाही," ती म्हणाली. "खाली ठेवायचं नाही, पळायचं नाही. आता मी बोलणार आहे."

"हे बरोबर नाही," तो ओठ न हलवता म्हणाला.

"तुम्ही न्यायाधीशांना सांगितलंत. दादाला सांगितलंत. मागच्या बाकावर हसणाऱ्या माणसालाही सांगितलंत. फक्त मला सांगितलं नाहीत."

माश्या गुणगुणत होत्या. कोपरापर्यंत चालत आलेल्या माशीकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तो आधी काही मोजत नव्हता.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "खूप."

"कधीपासून?"

"तारीख…" त्याने आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. "तारीख सांगता येत नाही. मी नोंद केली नाही."

भिंगरीला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. इतके दिवस पायांत, पोटात, छातीत जी घाई भरून राहिली होती ती कुठे गेली तिला कळेना. ती त्याच्यासमोर तशीच उभी राहिली.

"मीही नाही केली," ती म्हणाली. "धर नीट. अजून चार पेट्या राहिल्यात."